चांदी खरी, साल खोटं

लेखमाला : हातातलं नाणं (भाग ९)

माझ्याकडे १९३९ सालचा एक रुपया आहे. वजनाला तोळाभर भरतो, बोटाच्या टोकावर तोलून वाजवला तर खणखणीत वाजतो, सराफाने कसोटीवर घासून पाहिला तर चांदीही बरोबर निघते. तरी तो खोटा आहे. बावीस वर्षांपूर्वी नाण्यांच्या एका प्रदर्शनात मी तो घेतला, तेव्हा या तिन्ही परीक्षा मी स्वतः करून पाहिल्या होत्या आणि तिन्ही परीक्षांत तो उतरला होता. आजच्या भागाचा विषय नाण्याची पारख हा आहे. त्या रुपयाने मला ती जेवढी शिकवली तेवढी कुठल्या पुस्तकाने शिकवली नाही, म्हणून सुरुवात त्याच्यापासून.

आपल्या बोलण्यात नाण्यांची पारख किती मुरलेली आहे पाहा. माणूस चोख असला की तो बंदा रुपया. आवाज खणखणीत. एखादी गोष्ट खात्री करून घ्यायची तर आपण ती वाजवून घेतो. घराण्याच्या नावाला लागतो तो बट्टाही मुळात नाण्यांच्या बाजारातला. पेशवाईत एकाच वेळी कितीतरी प्रकारचे रुपये चालत. अंकुशी, चांदवडी, हाली सिक्का, प्रत्येकाचा कस वेगळा. एका गावचा रुपया दुसऱ्या गावी मोडायला गेलं की कसाप्रमाणे आणि झिजेप्रमाणे काही रक्कम कापली जाई, तो बट्टा. सरकारी खजिन्यात भरणा झालेल्या नाण्यांची पारख करणारा तो पोतदार. आज ते आडनाव उरलं आहे, पण एके काळी त्या माणसाच्या कानावर आणि बोटांवर गावोगावच्या महसुलाचा हिशेब अवलंबून असे.

पोतदाराला चिंता होती ती धातूची. नाण्यात चांदी आहे की नाही, आहे तर किती, कुणी कडा कातरून घेतल्या आहेत का, वरून चांदीचा पत्रा आणि आत तांबं असा प्रकार आहे का. संशय आला की तो किंवा सराफ नाण्यावर बारीक टाका मारून आतला धातू पाहायचा. जुन्या मोगली-मराठी रुपयांवर अशा सराफी खुणा पुष्कळ सापडतात. आजचा संग्राहक त्यांना पृष्ठभागावरची इजा मानून किंमत कमी करतो. मला मात्र त्या खुणा फार आवडतात. कुठल्या तरी पेठेत कुणीतरी हे नाणं हातात घेऊन तपासलं आणि पुढे सोडलं, त्याचा तो पुरावा असतो.

१८३५ साली कंपनी सरकारने देशभर एकच रुपया चालू केला आणि पोतदाराचं काम बरंचसं यंत्राने केलं. वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. आपला तोळा तो हाच. चांदी बारा भागांत अकरा, बाकी तांबं. कड यंत्राने पाडलेल्या रेघांची, त्यामुळे कातरली तर लगेच दिसणार. पुढचा राणीछाप आणि राजाछाप रुपया याच मापाचा. घरोघरी लक्ष्मीपूजनाच्या ताटात तो असतो, आणि म्हणूनच त्याच्या नकलाही फार. त्यातल्या बहुतेक जर्मन सिल्व्हरच्या, म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल यांच्या मिश्रणाच्या. त्यात चांदीचा अंशही नसतो. अशी नक्कल ओळखायला आजही पोतदाराचीच परीक्षा पुरते, फक्त हत्यार नवं.

दागिन्यांचा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा घ्या, त्यावर पाण्याने अर्धी भरलेली वाटी ठेवा आणि आकडा शून्यावर आणा. रुपया बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला आणि कडेला टेकणार नाही असा धरा. काट्यावर जो आकडा येईल तेवढं पाणी नाण्याने बाजूला सारलं. अस्सल रुपयाला तो १.१३ ग्रॅमच्या आसपास येतो. नाण्याच्या कोरड्या वजनाला या आकड्याने भागलं की घनता मिळते, ती १०.३ च्या जवळ हवी. जर्मन सिल्व्हरची घनता साडेआठ-पावणेनऊच्या घरात असते, त्यामुळे नक्कल वजनाला बरोबर केली तर ती जाड होते आणि जाडी बरोबर ठेवली तर हलकी भरते. दोन्ही एकदम साधत नाहीत. दहा मिनिटांचं काम आहे आणि नाण्याला ओरखडाही पडत नाही. फरशीवर आपटून वाजवण्याची जुनी सवय मात्र सोडा, कडेला खोक पडली की ती कायमची.

साच्यात ओतलेली नक्कल तर नुसत्या भिंगातूनही कळते. ठशाखाली दाबून काढलेल्या नाण्यात धातू मध्यापासून कडेकडे सरकलेला असतो, अक्षरांच्या बाजू सरळ उभ्या असतात आणि मोकळी जागा गुळगुळीत असते. ओतीव नाण्यावर बारीक खड्डे दिसतात, अक्षरं साबणावर उठवल्यासारखी बोथट दिसतात आणि साच्याचे दोन भाग जुळतात तिथली रेघ कानशीने घासून काढल्याच्या खुणा कडेवर सापडतात.

आता पुन्हा माझ्या रुपयाकडे. सहाव्या जॉर्जचे जुन्या कसाचे रुपये मुंबईच्या टांकसाळीत १९३८ आणि १९३९ या दोनच सालांचे निघाले. पुढे युद्ध पेटलं, चांदीची चणचण झाली, आणि १९४० पासून रुपयात निम्मीच चांदी राहिली. उरलेल्या निम्म्यात तांबं, निकेल आणि जस्त. त्याच वेळी नकलांना आळा बसावा म्हणून कडेच्या रेघांमधून फिरणारी एक खाच आली, तिला सुरक्षा-कड म्हणतात. जुने चांदीचे रुपये सरकारने टप्प्याटप्प्याने चलनातून काढून घेतले. या सगळ्यात १९३९ चे रुपये फार थोडे वाचले. १९३८ चा रुपया आजही सहज मिळतो, आणि १९३९ चा मिळाला तर त्याची किंमत त्यातल्या चांदीच्या कितीतरी पट.

म्हणजे दोन रुपयांत फरक फक्त शेवटच्या आकड्याचा. आठाच्या खालच्या वाटोळ्याची डावी बाजू कोरून उघडली की नऊ. माझ्या रुपयावर नेमकं हेच झालं आहे. वजन बरोबर आहे कारण नाणं टांकसाळीतलंच आहे. नाद बरोबर, कस बरोबर, कडही बरोबर, कारण १९३८ च्या रुपयालाही खाच नसते. मी प्रश्न विचारले ते सगळे धातूला विचारले आणि धातूने खरी उत्तरं दिली.

तो आकडा आता जवळून पाहू. दहापट मोठं दाखवणारं भिंग डोळ्याला लावून टेबलावरच्या एकाच दिव्याखाली नाणं तिरपं धरलं की पहिली गोष्ट दिसते ती शेवटच्या आकड्याभोवतीची जमीन. बाकी सगळीकडे ती सारखी राखाडी आहे, तिथे मात्र हरभऱ्याच्या डाळीएवढा भाग जरा उजळ, आणि त्यात एकाच दिशेने गेलेल्या अतिशय बारीक रेघा. हत्याराच्या खुणा कमी दिसाव्यात म्हणून तो भाग घासला आहे. मग दोन नऊ शेजारी शेजारी पाहा. १९३९ मध्ये नऊ दोनदा येतो आणि दोघांची घडण जुळायला हवी. माझ्या नाण्यावर पहिल्या नऊचं डोकं मोठं आणि भरदार आहे, दुसऱ्याचं लहान, कारण ते मुळात आठाचं वरचं वाटोळं. आठाची कंबर जिथे होती तिथे अजूनही एक किंचित खोबण आहे. एकदा दिसली की ती पुन्हा न दिसणं शक्य नाही. प्रदर्शनात, गर्दीत, ट्यूबलाइटच्या सपाट उजेडात मला ती दिसली नाही.

तेव्हापासून नाणं हातात घेतलं की मी आधी एवढंच विचारतो, की या नाण्याची किंमत नेमकी कशात आहे? धातूत असेल तर धातू तपासायचा. सालात असेल तर साल. टांकसाळीच्या खुणेत असेल, म्हणजे एखाद्या ठिपक्यावर भाव ठरत असेल, तर तो ठिपका. खोट करणारा तिथेच हात घालतो.

ही युक्ती आपल्याकडची किंवा आजची नाही. जर्मनीत कार्ल विल्हेल्म बेकर (१७७२ ते १८३०) नावाचा एक कुशल ठसेकार होऊन गेला. प्राचीन ग्रीक-रोमन नाण्यांचे ठसे तो स्वतः कोरायचा आणि पुष्कळदा कमी किमतीच्या अस्सल जुन्या नाण्यांवरच ते मारायचा. धातू खरोखरच प्राचीन, चित्र मात्र त्याचं. नव्या छापाची चमक मारण्यासाठी तो ही नाणी लोखंडाच्या किसात आणि चरबीत घालून पेटीत बंद करायचा आणि ती पेटी घोडागाडीला बांधून फिरवून आणायचा, असं सांगतात. त्याचे ठसे पुढे बर्लिनच्या संग्रहालयात जमा झाले, आणि आज अभ्यासक त्यांच्याशी ताडून बेकरची नाणी ओळखतात.

धातू आणि साल दोन्ही खरं असलं तरी भावाचा प्रश्न उरतोच, कारण एकाच सालच्या दोन रुपयांत झिजेमुळे भावात दहापट फरक पडू शकतो. अवस्थेला आकडा देण्याची आजची पद्धत अमेरिकेत विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली मांडली. त्यांच्यासमोर होते तांब्याचे जुने अमेरिकी सेंट. जेमतेम ओळखू येणाऱ्या नाण्याला १, निर्दोष नाण्याला ७०, आणि कल्पना अशी की सत्तरच्या नाण्याला एकच्या सत्तरपट भाव यावा. भावाचं ते गणित लवकरच मोडलं, आकडे राहिले. १९८६ आणि १९८७ साली तिथे पीसीजीएस आणि एनजीसी या दोन कंपन्या सुरू झाल्या. त्या नाणं तपासतात, दर्जा ठरवतात आणि पारदर्शक प्लास्टिकच्या सीलबंद डबीत क्रमांकासह बंद करून देतात. या डबीला बाजारात स्लॅब म्हणतात. साठच्या वरचा दर्जा म्हणजे नाणं चलनात फिरलेलंच नाही.

त्या दर्जासाठी तपासनीस काय बघतो? सगळ्यात आधी उंचवटे, कारण झीज तिथे सुरू होते. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा छोटा हत्ती आणि मुकुटाची मधली पट्टी, सातव्या एडवर्डच्या उघड्या डोक्यावर कानावरचे केस. मग झळाळी. न वापरलेलं नाणं दिव्याखाली सावकाश फिरवलं की उजेडाचे आरे चाकासारखे फिरतात. ही झळाळी ठशाखाली धातू सरकताना पडलेल्या सूक्ष्म रेघांमुळे येते, आणि एकदा गेली की कुठल्याही पॉलिशने परत येत नाही.

इथे मला माझ्या आत्याचा राणीछाप आठवतो. १८६२ सालचा. (हे साल कोरलेले रुपये १८७४ पर्यंत निघत राहिले, पण ती कथा वेगळ्या भागाची.) तिच्या सासूने दिलेला, कधी बाजारात न गेलेला. राणीच्या मुकुटाचा मणी न् मणी शाबूत. आणि दर दिवाळीला आत्याने तो रांगोळीने घासून लखलखीत केलेला. भिंगाखाली त्यावर केसाएवढ्या हजारो रेघा दिसतात. कुठलीही कंपनी अशा नाण्याला आकडा देत नाही. अस्सल, पण घासलेलं, असा शेरा मारते. भाव निम्म्याच्याही खाली येतो. आत्याला मी हे सांगितलं नाही. तिने लक्ष्मी उजळली होती, संग्रह केला नव्हता. पण तुमच्या घरात असे रुपये असतील आणि ते ठेवायचे असतील, तर हात जोडून विनंती, की रांगोळी, चिंच, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नका. काळपटपणा हा नाण्याचा आजार नव्हे, ते त्याचं कातडं आहे.

राणीछाप परदेशी तपासायला पाठवावा का, असं वाचक विचारतात. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांचं किंवा त्याहून जुनं नाणं ही पुरावस्तू ठरते आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. तेव्हा टपालाने पाठवण्याचा विचारच नको. स्लॅबमधलं नाणं विकत घेताना क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पाहा आणि तिथे छायाचित्र असेल तर नाण्याशी एकेक खूण जुळवा, कारण डब्याही खोट्या निघू लागल्या आहेत आणि त्यांवरचे क्रमांक खऱ्या डब्यांचे असतात.

राम-दरबाराचं चित्र, १८१८ साल आणि कंपनीचं नाव असलेलं तांब्याचं नाणं घेऊन दर महिन्याला कुणीतरी मला गाठतं. कंपनीने असं नाणं कधी काढलं नाही. त्याला भाव नाही आणि त्यात चमत्कारी शक्तीही नाही. जुन्या नाण्याला लाखो रुपये देतो, आधी शुल्क भरा, असं रिझर्व्ह बँकेच्या नावाने कुणी सांगितलं तर फोन ठेवा. आपण असा कोणताही व्यवहार करत नाही, असं बँकेने २०२१ मध्ये जाहीर केलेलं आहे.

पुढच्या आठवड्यात शिवराई. तिच्यावर साल नाही, कडेला रेघा नाहीत, आणि ठसा नाण्याहून मोठा असल्याने 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' ही अक्षरंही क्वचितच पूर्ण उमटतात. तिथे बघायची ती अक्षरांची वळणं. घरात शिवराई असेल तर दोन्ही बाजूंचं छायाचित्र तिरप्या उजेडात काढून ठेवा, आणि धुऊ नका.