लहान इंजिनाचा मोठा हिशेब

१८९१ साली दोन रेल्वे सुरू झाल्या. जर्मनीच्या मार्कलिन कंपनीनं लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत ठरावीक गेजच्या रुळांवर धावणारी खेळण्यातली आगगाडी मांडली आणि छोट्या रेल्वेच्या छंदाला मापाची शिस्त लागली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कोल्हापूर संस्थानची मीटर गेज गाडी मिरजेकडे धावू लागली. त्या कामाची पहिली कुदळ शाहू महाराजांनी १८८८ मध्ये मारली होती. रुकडीची पंचगंगा आणि अंकलीची कृष्णा ओलांडणारी ही वाट पुढे ब्रॉडगेज झाली, वाफेची इंजिनं गेली. हुबेहूब प्रतिकृती हे अशा इंजिनांना जपण्याचं उत्तम साधन आहे, असं मला मनापासून वाटतं.

ही कला पाहायची तर पुण्यात कर्वे रस्त्यावर जोशींच्या मिनिएचर रेल्वे संग्रहालयात जावं. भाऊ जोशी यांनी छंदातून उभारलेलं हे दालन १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुलं झालं. सिग्नल, उड्डाणपूल, रोपवे, सर्कशीचा तंबू अशा छोट्या शहरातून तिथे गाड्या धावतात. गर्दी गाड्यांच्या वेगावर खिळते, पण खरी करामत इंजिनात असते.

छंदिष्टांत सर्वांत रुळलेलं माप एचओ, म्हणजे मूळ वस्तूच्या १/८७. आपल्या मीटर गेजवरचं नामांकित प्रवासी इंजिन वायपी घेऊ. त्याची मोठी चाकं १३७२ मिलिमीटर व्यासाची. एचओमध्ये ती भरतात जेमतेम १५.८ मिलिमीटर. तेवढ्याशा चाकाला आरे, कड आणि कपलिंग रॉडची खुंटी, सगळं हवं. बॉयलरवरच्या नळ्या, घुमट, शिटी हे बारकावे पितळेत ओततात. मेणाचा नमुना साच्यात वितळवून काढायचा आणि त्या पोकळीत धातू भरायचा.

खऱ्या इंजिनात वाफ पिस्टन ढकलते, पिस्टन चाक फिरवतो. प्रतिकृतीत उलटं घडतं. रुळांतून १२ व्होल्टची वीज घेऊन पोटातली मोटर चाकं फिरवते आणि चाकं दांड्यांना, क्रॉसहेडला आणि पिस्टनला हलवतात. पाहणाऱ्याला मात्र क्रम खराच वाटला पाहिजे. त्यासाठी प्रत्येक सांध्याला नेमका ढिलेपणा लागतो. तो कमी पडला तर दांडी अडते, जास्त झाला तर चाल लडबडते.

वजनाचा हिशेब तर चकित करणारा. लांबी ८७ पट घटली, की आकारमान साडेसहा लाख पटींहून अधिक घटतं. १०० टनी इंजिनाचं वजन उरेल सुमारे १५० ग्रॅम. इतकं हलकं इंजिन डबे ओढताना घसरणार. म्हणून पोटात शिसं भरतात, काही चाकांना रबराची धाव बसवतात. घरातल्या टेबलावरची वळणंही खऱ्या रुळांपेक्षा कितीतरी तीव्र, तेव्हा मधल्या चाकांची कड काढतात किंवा त्यांना आडवी मोकळीक देतात. मीटर गेज काटेकोर घटवलं तर ११.५ मिलिमीटर येतं, बाजारात मिळणारे रूळ १२ मिलिमीटरचे. कुठे मापाला चिकटायचं आणि कुठे जाणूनबुजून ते सोडायचं, हे ज्याला कळलं त्यालाच हुबेहूब इंजिन साधतं.

ही समज कोल्हापूरला नवी नाही. शिवाजी उद्यमनगरच्या फाउंड्रीतला पॅटर्नमेकर लाकडी नमुना मापापेक्षा किंचित मोठाच करतो, कारण ओतलेला धातू थंड होताना आकसतो. मोठा पॅटर्न केला तरच कास्टिंग मापात उतरतं. हुपरीच्या कारागिरांना तारेचं आणि डायचं नाजूक काम पिढ्यान् पिढ्या येतं. लेथ, ओतकाम, बारीक जोडकाम या तिन्ही विद्या पंचक्रोशीत नांदतात.

म्हणून कोल्हापूर-मिरज मार्गाच्या मीटर गेज इंजिनाची प्रतिकृती याच गावात घडावी. जुनी रेखाचित्रं, छायाचित्रं आणि या मार्गावर राबलेल्या वयस्क रेल्वे कामगारांच्या आठवणी एकत्र केल्या, तर पॉलिटेक्निकच्या मुलांना वर्षभराचा प्रकल्प मिळेल. ड्रॉइंग वाचणं, माप घटवणं, ओतकाम, जुळणी हे सारं ती एका इंजिनातून शिकतील. शाहू महाराजांनी जिची पहिली कुदळ मारली ती रेल्वे तिच्याच गावच्या हातांनी पुन्हा घडवणं, इतिहास आणि यंत्रविद्या या दोन्हींची याहून नेमकी शाळा मला दिसत नाही.