आधी बॉयलर, मग इंजिन: छोट्या बोटीत वाफेचं इंजिन बसवताना

हेडफोन लावलेत ना? लोकलमध्ये दारात उभे असाल तर जरा आत सरका आणि मग ऐका. ज्यांना वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय.

आजचा विषय एका व्हॉइस नोटमुळे ठरला. कल्याणच्या एका श्रोत्याने विचारलंय, "दादा, मी ७० सेंटीमीटरची लाकडी बोट बनवलीय. ऑनलाइन दोन सिलिंडरचं वाफेचं इंजिन दिसतंय, मस्त आहे. घेऊ का? बॉयलर मी घरीच पत्र्याच्या डब्याचा करीन."

मित्रा, बोट बनवलीस त्याबद्दल शाब्बास. पण डब्याचा बॉयलर? अजिबात नाही. का नाही, ते सांगतो, आणि इंजिन कसं निवडायचं तेही.

तसं बघितलं तर वाफ आपल्या गावचीच. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून सुटलेली गाडी ठाण्यालाच आली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. बोटींचं तर विचारूच नका, दुर्गाडीखालच्या खाडीत शिवाजी महाराजांच्या आरमाराची गलबतं बांधली गेली. आणि मुंबईच्या गोदीतले अर्देशिर कर्सेटजी वाडिया १८३०च्या दशकात वाफेच्या इंजिनांवर काम करत होते. १८४१ साली रॉयल सोसायटीचे फेलो झालेले ते पहिले भारतीय. म्हणजे तुझा छंद काही परका नाही.

आता मुद्द्यावर येतो. माझी पहिली चूक हीच होती, मी आधी इंजिन घेतलं. दोन सिलिंडरचं, चकचकीत पितळेचं. त्याला जमेल तसा छोटा बॉयलर जोडला. बिल्डिंगच्या गच्चीवर टब भरला, बोट सोडली. अर्धा मिनिट झकास, मग प्रेशर उतरलं आणि इंजिन धापा टाकत थांबलं. बर्नर मोठा केला, तरी तेच. इंजिनात दोष नव्हता. त्याला लागते तेवढी वाफ माझा बॉयलर तयारच करू शकत नव्हता.

हा हिशोब आपण करून बघू. सिलिंडरचा आतला व्यास म्हणजे बोअर, आणि पिस्टन जेवढा सरकतो तो स्ट्रोक. समजा दोन्ही १० मिलीमीटर, एकच सिलिंडर, आणि वाफ पिस्टनच्या एकाच बाजूने येते. दर फेरीला साधारण पाऊण घनसेंटीमीटर वाफ लागते. मिनिटाला १,००० फेरे आणि २ बार प्रेशर धरलं, तर मिनिटाला सव्वा ते दीड ग्रॅम पाण्याची वाफ झाली. वाटेत काही वाफ थंड होऊन वाया जाते, म्हणून हिशोब दुप्पट धरा. तरी १० मिनिटांना २५-३० ग्रॅम पाणी पुरतं.

आता १९ मिलीमीटर बोअर, १९ मिलीमीटर स्ट्रोक, दोन सिलिंडर, आणि वाफ पिस्टनच्या दोन्ही बाजूंनी. तेवढ्याच फेऱ्यांना मिनिटाला सुमारे ३५ ग्रॅम, तेही नुकसान न धरता. मोजमाप दुप्पटही नाही, आणि भूक सत्तावीस पट! म्हणून इंजिनाचा फोटो बघून भुलायचं नाही. बोअर, स्ट्रोक आणि सिलिंडर विचारायचे.

मग निवड कुठून सुरू करायची? बोटीपासून. हल टबात ठेवा. आत पाण्याच्या बाटल्या ठेवत जा, बोट ठरवलेल्या पाणरेषेपर्यंत बुडेपर्यंत. लिटरची भरलेली बाटली म्हणजे जवळपास एक किलो. जेवढं वजन मावलं, त्यात बॉयलर, पाणी, गॅसची टाकी, इंजिन, रिमोटचा रिसीव्हर, बॅटरी, सगळं बसायला हवं. ७० सेंटीमीटर लांब, २० रुंद आणि ५ सेंटीमीटर बुडणारी बोट एकूण साधारण साडेतीन किलो पेलते, आणि त्यात हलचं स्वतःचं वजनही आलं. त्या वजनात जो बॉयलर बसेल तो ठरवा. तो जेवढी वाफ देईल तेवढंच खाणारं इंजिन घ्या. क्रम हाच: बोट, बॉयलर, इंजिन.

इंजिनाचे दोन प्रकार लक्षात ठेवा. पहिला, ज्यात सिलिंडर स्वतःच डोलतो आणि डोलता डोलता वाफेची भोकं उघडतो, बंद करतो. वेगळे व्हॉल्व्ह नाहीत, म्हणून स्वस्त आणि शिकायला उत्तम. पण एकच सिलिंडर असेल तर बहुतेक वेळा चाकाला बोटाने ढकलावं लागतं. बोट तलावाच्या मध्ये थांबली तर बोट कोण लावणार? दुसरा प्रकार, दोन सिलिंडर, दोन्ही बाजूंनी वाफ, क्रँक एकमेकांशी ९० अंशांत. हे वाफ सोडली की आपलं आपण सुरू होतं. रिमोटच्या बोटीला हेच बरं, पण छोट्या बोअरचं शोधा. तुझ्या बोटीला ते पेलेल, मोठं नाही.

आता डब्याची गोष्ट. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १,६०० पट जागा मागते. प्रेशर कुकर साधारण १ बारवर चालतो. आपण म्हणतोय २ बार. सात सेंटीमीटर व्यासाच्या झाकणावर तेव्हा ७५ किलोंपेक्षा जास्त जोर येतो, म्हणजे एक धट्टाकट्टा माणूस आतून रेटतोय. पत्र्याचा डबा आणि साधं शिशाचं सोल्डरिंग हे सहन करणार नाही. पाणी संपलं की ते सोल्डर वितळतंच. आणि फुटलं की उकळतं पाणी, वाफ आणि पत्रा एकदम अंगावर.

बॉयलर तांब्याचा हवा, सिल्व्हर ब्रेझिंग केलेला. त्यावर सेफ्टी व्हॉल्व्ह, प्रेशर गेज आणि पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी, यातलं एकही कमी नको. पहिल्यांदा करताय तर टेस्टचं सर्टिफिकेट असलेला तयार बॉयलरच घ्या. तरी स्वतः तपासा. प्लंबरकडे पाइपलाइन तपासायचा हातपंप असतो. बॉयलर थंड पाण्याने काठोकाठ भरा, आत हवा ठेवू नका, सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी प्लग लावा आणि चालवायच्या प्रेशरच्या दुप्पट दाब द्या, म्हणजे ४ बार. पाणी दबत नाही, त्यामुळे जोड सुटला तर नुसतं गळतं. हवेने कधीच तपासू नका.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. देशाचा बॉयलरचा कायदा २५ लिटरपेक्षा छोट्या बॉयलरला लागू नाही. म्हणजे आपल्या अर्ध्या लिटरच्या बॉयलरला तपासायला कुणी इन्स्पेक्टर येणार नाही. तो इन्स्पेक्टर आपणच.

बसवताना काय बघायचं? बॉयलर शक्य तितका खाली आणि बोटीच्या मध्यावर ठेवा, कारण पाणी कमी होत जाईल तसं वजन बदलतं. पुढेमागे ठेवलात तर बोट हळूहळू नाक किंवा शेपूट वर काढेल. इंजिन आणि प्रोपेलरचा दांडा एका रेषेत हवेत. हाताने चाक फिरवून बघा, कुठेही अडकायला नको. वाफेची नळी आखूड ठेवा आणि तिच्यावर सुती दोरा गुंडाळा. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वाफेत तेल असतं, ती आधी छोट्या डबीत सोडा म्हणजे तेल डबीत राहील, तलावात जाणार नाही. मासुंदा असो की कल्याणचा काळा तलाव, पाणी सगळ्यांचं आहे, आणि बोट सोडण्याआधी तिथली परवानगीही विचारा.

पाणी डिस्टिल्डच वापरा, गॅरेजवाल्याकडे बॅटरीचं मिळतं तेच. नळाच्या पाण्याचा क्षार आत साचतो. आणि गॅस हवेपेक्षा जड असतो, हलच्या तळाशी जमतो. म्हणून पेटवण्याआधी झाकण काढून वारा घाला. टाकी भरायची ती बोटीपासून, आगीपासून लांब.

आणि सध्या पैसे नसतील तर? जत्रेत दिव्यावर चालणारी पत्र्याची फट-फट होडी मिळते ना, ती घे. तिच्या नळ्यांची तोंडं उघडी असतात, त्यामुळे आत दाब अडकत नाही. आत पाण्याची वाफ होते, पाणी मागे फेकलं जातं, थंड होऊन परत ओढलं जातं. फेकताना धार एका दिशेने, ओढताना चारही बाजूंनी, म्हणून होडी पुढे जाते. टबात सोड, दिवा लाव, तासभर बघत बस. वाफेचा पहिला धडा तिथेच आहे.

मित्रा, तुझ्या हलमध्ये किती बाटल्या मावल्या ते मोजून पुढची व्हॉइस नोट पाठव. इंजिनाचं त्यानंतर ठरवू. बाकीच्यांनो, अठराच्या आतले असाल तर बर्नर पेटवताना घरातलं मोठं माणूस सोबत हवंच. चला, भेटू पुढच्या भागात!