मोजक्या पैशांत चांगली सायकल : निवड कशी करावी?

सायकली आणि त्यांच्या सुट्या भागांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. करापूर्वी १० हजार रुपये मूल्य असलेली सायकल पूर्वी ११ हजार २०० रुपयांना पडत असे. नव्या दराने तिचे १० हजार ५०० रुपये होतात. सातशे रुपयांचा हा फरक हौशी सायकलपटूला किरकोळ वाटेल, परंतु महिन्याच्या कमाईतून सायकलीसाठी पैसे बाजूला काढणाऱ्या कुटुंबासाठी तो मोलाचा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. विद्यार्थी, कारखान्यातील कामगार, सुरक्षारक्षक, घरोघरी दूध किंवा वृत्तपत्र पोहोचवणारे अशा असंख्य लोकांचा दिवस सायकलीवर सुरू होतो. त्यांची निवड चुकली, तर लगेच दुसरी सायकल घेण्याची सोय नसते.

सात ते बारा हजार रुपयांच्या टप्प्यातील सायकली पाहताना एक हिशेब ध्यानात ठेवावा. किंमत ठरलेली असल्याने उत्पादकाचा खर्चही ठरलेला असतो. त्याच रकमेत पुढच्या चिमट्याला शॉकॲब्सॉर्बर, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक आणि एकवीस गिअर बसवायचे, तर पैसा दुसऱ्या भागांतून काढावा लागतो. मग चाकांचे हब, छर्रे, रिम, साखळी आणि ब्रेकच्या केबल हलक्या प्रतीच्या येतात. हे भाग दुकानात डोळ्यांत भरत नाहीत; पण सायकल किती वर्षे टिकणार आणि किती सहज चालणार, हे त्यांच्यावरच ठरते. त्यामुळे एकाच किमतीच्या दोन सायकलींपैकी साधी दिसणारी सायकल बहुधा अधिक सरस निघते.

स्वस्त शॉकॲब्सॉर्बरचे उदाहरण बोलके आहे. त्यामुळे सायकलीचे वजन वाढते, चढावर उभे राहून पॅडल मारताना जोर स्प्रिंग दाबण्यात वाया जातो आणि काही महिन्यांत सांध्यांना ढिलाई येते. शहरातील किंवा गावातील खड्डे सोसण्यासाठी थोडे रुंद टायर आणि त्यांतील योग्य हवा पुरेशी असते. हवेचा दाब किती असावा, हे टायरच्या बाजूवर छापलेले असते. गिअरचेही तसेच आहे. एकवीस गिअरपैकी अनेकांचा परिणाम जवळपास सारखाच असतो. सपाट रस्त्यावर पाच-सात किलोमीटर जाणाऱ्याला गिअर नसलेली सायकल पुरते; घाट किंवा चढाचा रस्ता असेल, तर मागच्या बाजूचे सहा-सात गिअर बहुतेकांना पुरेसे ठरतात.

ब्रेकच्या बाबतीत मात्र काटकसर नको. जुन्या पद्धतीच्या सायकलींना मुलामा दिलेल्या लोखंडी रिम असतात. कोरड्या रस्त्यावर त्या चालून जातात, परंतु पावसात ओल्या लोखंडावर रबराची पकड फारच कमी होते आणि सायकल थांबायला बरेच अधिक अंतर लागते. कोकण, केरळ, बंगाल, आसाम अशा पावसाळी प्रदेशांत ही बाब जिवावर बेतू शकते. ॲल्युमिनियमच्या रिम आणि त्यांवर दोन्ही बाजूंनी दाबणारे केबलचे ब्रेक ही कमी खर्चातील उत्तम जोडी आहे. हलक्या प्रतीच्या डिस्क ब्रेकपेक्षा ते दुरुस्त करणे सोपे असून त्यांचे रबर कोणत्याही दुकानात मिळते.

सायकल अंगाला बसणे हा सर्वांत महत्त्वाचा निकष असूनही त्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. सीटच्या पुढे, मधल्या दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकून उभे राहिल्यावर दांडी आणि शरीर यांत दोन-तीन सेंटीमीटर तरी अंतर हवे. सीटवर बसून टाच सर्वांत खालच्या पॅडलवर ठेवली असता पाय जवळजवळ सरळ व्हावा. म्हणजे पावलाच्या पुढच्या भागाने पॅडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. सीट याहून खाली राहिली, तर गुडघे दुखू लागतात. मुलांना कपडे घेताना ‘वाढत्या अंगाचे’ घेण्याची रीत आहे, ती सायकलीला लावू नये. पाय नीट न टेकणाऱ्या मुलाला अचानक थांबताना तोल सावरता येत नाही. सीट आणि हँडल वर करण्यास वाव असलेली, पण आज व्यवस्थित बसणारी सायकलच घ्यावी.

चौकट पोलादाची असावी की ॲल्युमिनियमची, याचे उत्तर वापरावर अवलंबून आहे. पोलादी चौकट जड असते, मात्र ओझे सोसते आणि तुटल्यास साध्या कारखान्यातही जोडून मिळते. ॲल्युमिनियम हलके आणि न गंजणारे असल्याने समुद्रकिनारी किंवा सायकल रोज जिन्यावरून चढवणाऱ्यांना ते सोयीचे. परंतु त्याचा तुटलेला सांधा स्थानिक पातळीवर भरवशाने जोडता येत नाही. सुट्या भागांची उपलब्धताही आधीच तपासावी. देशातील सायकल उद्योगाचे मुख्य केंद्र असलेल्या लुधियान्यात पारंपरिक सायकलींचे भाग मोठ्या प्रमाणावर तयार होतात आणि लहान गावांतही मिळतात. नव्या धाटणीच्या, वेगळ्या मापाच्या चाकांचे टायर-ट्यूब जवळपास मिळतात का, हे घराजवळच्या दुरुस्तीवाल्याला विचारूनच निर्णय घ्यावा.

नव्या सायकलीपुरते पैसे नसतील, तर चांगल्या प्रतीची जुनी सायकल हा उत्तम पर्याय आहे. ती पारखण्यासाठी पाच मिनिटे पुरतात. चाक उचलून फिरवावे. रिम ब्रेकजवळ डावी-उजवीकडे हलत असेल, तर आउट काढून घ्यावा लागेल. रिम आणि पॅडलचे दांडे हाताने बाजूला हलवून पाहावेत. खडखड झाल्यास छर्रे किंवा त्यांच्या बैठका झिजल्या आहेत. साखळीच्या एका पिनपासून बारा इंच मोजावेत. नव्या साखळीत बरोबर बारा इंचांवर पिन येते. ती एक अष्टमांश इंच पुढे गेली असेल, तर साखळीबरोबर दातेरी चक्रेही बदलण्याचा खर्च धरावा. हँडलखालच्या सांध्याजवळ रंगाला सुरकुती किंवा चीर दिसली, तर ती सायकल घेऊ नये. ती धडकेची खूण असू शकते. चौकटीवरील, बहुधा पॅडलच्या आसाखाली कोरलेला क्रमांक खरवडलेला नाही ना, हे पाहून विक्रेत्याकडून त्या क्रमांकासह लेखी पावती घ्यावी. चोरीचा माल गळ्यात पडू नये, यासाठी हे आवश्यक आहे.

ऑनलाइन खरेदी केलेली सायकल बहुधा अर्धवट जोडलेली येते. ती जाणत्या दुरुस्तीवाल्याकडूनच जोडून घ्यावी. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. ते चुकीच्या बाजूला जोराने फिरवल्यास नव्या सायकलीचा दांडा पहिल्याच दिवशी निकामी होतो. नव्या सायकलीच्या केबल ताणतात आणि आरे सैल होतात, म्हणून महिनाभरानंतर एकदा तपासणी करून घ्यावी. ही तपासणी विनामूल्य मिळणार का, हे खरेदीपूर्वी विचारावे.

ठरवलेली सगळी रक्कम सायकलीवरच खर्च करणे योग्य नाही. दहा हजारांपैकी हजार-दीड हजार रुपये कुलूप, पुढचा-मागचा दिवा, घंटी आणि हवेचा पंप यांसाठी राखून ठेवावेत. त्यात हेल्मेटही बसवता आले तर उत्तम. करकपातीतून वाचलेली रक्कम आणखी चार गिअर घेण्यापेक्षा येथे अधिक उपयोगी पडेल. त्यानंतर आठवड्यातून एकदा हवा भरणे आणि साखळी पुसून तिला तेल देणे एवढे केले, तरी साधी सायकल अनेक वर्षे साथ देते.