तुर्की भाषेतील अतिशयदर्शक विशेषणे

तुर्कीत ‘फार’ या अर्थी ‘चोक’ हा शब्द विशेषणापूर्वी येतो. त्यात नवल नाही. नवल आहे ते ठरावीक विशेषणांच्या द्विरुक्तीत. शब्दाचा आद्य स्वरापर्यंतचा अंश घ्यावयाचा, त्यास प्, म्, र् वा स् जोडावयाचा आणि तो शब्दाच्या आधी लावावयाचा. ‘बेयाझ’ म्हणजे पांढरा, ‘बेम्बेयाझ’ पांढराशुभ्र. ‘कारा’ काळा, ‘काप्कारा’ काळाकुट्ट. ‘मास्मावी’ निळाशार, ‘तेर्तेमिझ’ अगदी स्वच्छ. आघातही या आद्य अंशावरच पडतो. मराठी मागून निराळा शब्द जोडते. तुर्की आपल्याच शब्दाचा तुकडा पुढे करते. चारांपैकी कोणता वर्ण यावा, यास बिनचूक नियम नाही. वैयाकरण काही कल दाखवितात. तथापि ही रूपे कानानेच शिकवावीत, असे आम्हांस वाटते. ‘हिरवागार’ होते, ‘हिरवाकुट्ट’ होत नाही, हे तरी आपण वर्गात कोणत्या सूत्राने शिकवितो?