विसरभोळे सर्व्हर आणि ओळखीची चिठ्ठी

येवल्याला पैठणी घ्यायला आलेल्या बाई चार साड्या पाहून चहाला जातात. परत आल्यावर दुकानदार ‘आपण कोण?’ असं विचारीत नाही. बाजूला काढलेली नारळी काठाची पैठणी तो लगेच पुढे करतो. दुकानात हे सहज घडतं. वेबवर मात्र ते मुद्दाम घडवावं लागतं.

शेतकरी बंधूंनो, तुम्ही डिजिटल सहीचा सातबारा काढता. गुरुजी, तुम्ही शेवटच्या तारखेला शिष्यवृत्तीचा अर्ज भरून देता. अशा वेळी हजारो माणसं एकदम येतात. एका सर्व्हरला तो भार पेलत नाही. म्हणून सारखेच अनेक सर्व्हर मांडतात आणि दाराशी एक वाटप करणारा बसवतात. त्याला लोड बॅलन्सर म्हणतात.

आता अडचण पाहा. वेबची बोली मूळचीच विसरभोळी; प्रत्येक टिचकी तिला नवी. पहिल्या सर्व्हरने तुमची नोंद आपल्याच वहीत केली आणि पुढची टिचकी तिसऱ्याकडे गेली, तर तो विचारणार, ‘आपण कोण?’ अर्धा भरलेला अर्ज जातो, आणि आपल्याला वाटतं पासवर्डच चुकला!

1994 साली नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली यांनी यावर कुकी काढली. कुकी म्हणजे चिठ्ठीच. सर्व्हर ती देतो, ब्राउझर दर खेपेला दाखवतो. पण चिठ्ठीवर बहुधा नुसता क्रमांक असतो, हकिगत वहीत. मग वही ठेवायची कुठे?

वाटप करणाऱ्यानेच चिठ्ठी पाहून तुम्हाला दर वेळी त्याच सर्व्हरकडे न्यावं, हा सोपा उपाय. पण तो सर्व्हर बंद पडला, की त्याच्याकडची सगळी माणसं बाहेर! त्याहून बरं म्हणजे सगळ्यांची मिळून एकच वही, वेगळ्या यंत्रात. ती बंद पडली तर सगळेच अडतील, म्हणून तिची नक्कल आणखी एका यंत्रात ठेवतात. मला तरी हीच रीत पसंत आहे.

काही जण वहीच ठेवीत नाहीत. चिठ्ठीवर नाव नि मुदत लिहून गुप्त किल्लीने सही करतात. कोणताही सर्व्हर ती तपासू शकतो. पण अशी चिठ्ठी चोरीला गेली, तर मुदतीआधी रद्द करणं अवघड. म्हणून मुदत थोडकीच ठेवतात.

आणि हो, केंद्रावरच्या किंवा दुसऱ्याच्या संगणकावर काम केलंत, तर उठण्यापूर्वी ‘लॉग आउट’ दाबा बरं का. खिडकी नुसती मिटली, तर चिठ्ठी तिथेच राहू शकते.