सहा जिल्ह्यांची लीग, एकट्या गहुंज्यात

मावळात भाताची काढणी उरकली की खाचरं मोकळी होतात आणि आंबीपासून पवन मावळापर्यंत टेनिस बॉलच्या स्पर्धांचे फ्लेक्स झळकू लागतात. संघ किती आले, उजेड कुठवर टिकेल, मैदानाची एक बाजू तोकडी आहे का, हे सगळं बघून मंडळाची पोरं तिथल्या तिथे ठरवतात: सहा ओव्हरची मॅच की आठ, चिठ्ठ्या टाकून थेट नॉकआऊट की आधी गट पाडायचे. संघ विषम निघाले तर एकाला बाय. रविवार पुरत नसेल तर सेमीफायनलच्या ओव्हर कमी. हाताशी किती दिवस आहेत आणि जागा कशी आहे, यावर स्पर्धा बेतायची असते, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. याच मावळ तालुक्यात, द्रुतगती मार्गाच्या कडेला गहुंज्याचं स्टेडियम उभं आहे आणि तिथे महाराष्ट्र प्रीमियर लीग, म्हणजे एमपीएल, खेळली जाते. त्या लीगचा साचा नव्याने बेतायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

सामन्यांची संख्या हा कागदावरचा किरकोळ तपशील नसतो, हे पुण्याइतकं कुणाला ठाऊक असणार? सहारा समूहाने २०१० मध्ये ३७ कोटी डॉलर मोजून पुणे वॉरियर्स हा आयपीएलचा संघ घेतला. बोली लावताना हिशेब ९४ सामन्यांचा होता. दहा संघ, प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, म्हणजे ९० आणि वर बाद फेरीचे चार. प्रत्यक्षात २०११ चा हंगाम ७४ सामन्यांवर आणला गेला. संघांचे पाच-पाचचे दोन गट पडले. आपल्या गटातल्या चौघांशी दोनदा, समोरच्या गटातल्या एकाशी दोनदा आणि उरलेल्या चौघांशी एकेकदा, असे प्रत्येकाच्या वाट्याला १४ सामने आले. घरच्या मैदानावरचे सामने घटले म्हणजे तिकिटांचं उत्पन्न घटलं, तेव्हा फीही कमी करा, अशी सहाराची मागणी होती. हा वाद मिटलाच नाही. गहुंज्याच्या स्टेडियमचं उद्घाटन १ एप्रिल २०१२ रोजी शरद पवारांच्या हस्ते झालं आणि २०१३ संपायच्या आत इथला संघच इतिहासजमा झाला. ३७ हजार लोक बसतील एवढं मैदान घरच्या संघाविना उरलं. पुढे रायझिंग पुणे सुपरजायंट आला तो दोनच हंगामांपुरता. त्यातल्या पहिल्या वर्षी, २०१६ मध्ये, दुष्काळामुळे मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर हलवायला लावले आणि पुण्याचे घरचे सामने विशाखापट्टणमला गेले.

या पार्श्वभूमीवर महाराष्ट्र क्रिकेट संघटनेने जून २०२३ मध्ये एमपीएल उभी केली, त्याचं मोल मोठं आहे. याच नावाची स्पर्धा २००९ मध्येही झाली होती, पण ती टिकली नाही. या वेळी संघ सहा होते: पुणेरी बाप्पा, कोल्हापूर टस्कर्स, ईगल नाशिक टायटन्स, छत्रपती संभाजी किंग्ज, रत्नागिरी जेट्स आणि सोलापूर रॉयल्स. राज्य एक असलं तरी क्रिकेटच्या नकाशावर मुंबई आणि विदर्भ वेगळे आहेत. उरलेल्या जिल्ह्यांतल्या पोरांना निवड समितीसमोर आणि टीव्हीवर खेळायची अशी संधी कुठे होती?

ही संधी काय करू शकते, ते पहिल्याच हंगामात अर्शिन कुलकर्णीने दाखवलं. वय १८. नाशिककडून खेळताना पुणेरी बाप्पाविरुद्ध त्याने ५४ चेंडूंत ११७ धावा काढल्या, त्यात १३ षटकार. समोर ऋतुराज गायकवाडचा संघ धावांचा पाठलाग करत अगदी जवळ येऊन ठेपला, तेव्हा शेवटची ओव्हर याच पोराच्या हाती दिली गेली. सामन्यात एकूण चार बळी त्याच्या नावावर लागले आणि नाशिक एका धावेने जिंकलं. वर्ष सरायच्या आत त्याला भारताच्या १९ वर्षांखालील संघातही जागा मिळाली आणि आयपीएलमध्येही.

पण अर्शिन मूळचा सोलापूरचा. खेळला नाशिकसाठी, तोही मावळात. लिलावात हे चालायचंच, खेळाडूचं त्यात नुकसानही नाही. मात्र सोलापूरच्या पार्क मैदानावर ज्यांनी त्याला लहानाचा मोठा होताना पाहिलं, त्यांना त्याची ती खेळी टीव्हीवरच बघावी लागली. नाशिकच्या माणसाचीही तीच गत. संघांची नावं सहा ठिकाणची आणि मैदान एकच, हा या लीगचा सगळ्यात मोठा दोष आहे. तामिळनाडूने २०१६ मध्ये आपली लीग सुरू केली तेव्हा चेन्नईबरोबर दिंडिगुलजवळचं नत्तम आणि तिरुनेलवेलीही धरलं. आपल्याला हे अशक्य का वाटावं? जानेवारी २०२४ मध्ये रणजी सामना सोलापुरात झाला, जानेवारी २०२५ मध्ये नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर झाला.

दुसरी अडचण जून महिन्याची. आयपीएल मेअखेर संपते, काही महिन्यांनी देशांतर्गत हंगाम लागतो, म्हणून राज्यांच्या लीग या फटीत बसवाव्या लागतात. पण मावळातला जून म्हणजे ऐन पेरणीचे दिवस. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस पूर्वेकडे येताना झपाट्याने ओसरतो हे खरं, तरी गहुंजं काही कोरडं राहत नाही. २०२३ चा अंतिम सामना पावसामुळे निकालाविना संपला आणि गुणतक्त्यात वर असल्यामुळे रत्नागिरी जेट्सला विजेतेपद मिळालं. रत्नागिरीने ते साखळीत कमावलं होतं, यात शंका नाही. पण अंतिम सामन्यासाठी थांबलेल्या प्रेक्षकाच्या हाती काय लागलं?

तिसरी गोष्ट गणिताची. सहा संघ एकेकदा भिडले की साखळीचे १५ सामने होतात, दोनदा भिडले की ३०. त्यानंतर चौघे बाद फेरीत. म्हणजे ३० सामने खेळवून बाहेर कोण जाणार, तर दोनच संघ. चौथ्या क्रमांकासाठी धावगतीची आकडेमोड करणारा संघ शेवटी विजेताही होऊ शकतो आणि पहिल्या क्रमांकाला म्हणावी तशी किंमत उरत नाही. महिला प्रीमियर लीगने याचं उत्तर शोधलं आहे. तिथे पहिला संघ थेट अंतिम फेरीत जातो, दुसरा आणि तिसरा एकमेकांशी खेळतात. सहा संघांच्या लीगला हाच साचा शोभेल. बाद फेरीचे दोन सामने वाचतील, तेच दिवस पावसासाठी राखून ठेवता येतील आणि साखळीतला प्रत्येक सामना अटीतटीचा होईल.

मला विचाराल तर लीगचा पहिला आठवडा सोलापुरात व्हावा. जूनच्या सुरुवातीला तिथे पावसाची धास्ती सगळ्यात कमी. दुसरा टप्पा नाशिकला. प्रकाशझोत नसतील तिथे सामने दिवसा खेळवावेत. वेळापत्रकासाठी टीव्हीवाल्यांशी झगडावं लागेल, ते संघटनेने झगडावं. रत्नागिरी आणि कोल्हापूरला जूनमध्ये सामने देणं शक्य नाही, तेव्हा त्यांच्यासाठी फेब्रुवारीत आठवडाभराची निवड स्पर्धा भरवावी आणि प्रत्येक संघाने निदान चार खेळाडू आपल्याच भागातल्या अशा स्पर्धेतून घ्यावेत, असा नियम करावा. शेवटचे सामने गहुंज्यातच हवेत. अंतिम सामना मात्र दुपारी ठेवावा, म्हणजे पाऊस आलाच तर संध्याकाळ हाताशी राहील आणि तळेगाव, आंबी, कामशेतहून आलेल्या माणसाला बेगडेवाडी स्टेशनवरून घरी जायला लोकलही मिळेल.