जपून विकावयाचा माल

एखाद्या भरल्या घरांतील फडताळ उघडून पाहावें. ओंव्याच्या बाटलीमागें अर्धवट संपलेली गोळ्यांची एखादी पट्टी हटकून सांपडते. गेल्या पावसाळ्यांत थोरल्या मुलास ताप आला, तेव्हां डॉक्टरांनीं ती दिली होती. ताप उतरला, आणि उरलेल्या गोळ्या कधीं तरी कामास येतील म्हणून काकूंनीं जपून ठेविल्या. पुढें पुतणीस खोकला झाला कीं त्या बाहेर निघतात. असला खोकला बहुधा विषाणूंचा. त्यावर या गोळीचा कांहींच उपाय चालत नाहीं. परंतु घशांत व पोटांत जे असंख्य जंतु असतात, त्यांपैकीं दुबळे तेवढे मरतात, व ज्यांस ती गोळी सोसते ते मागें राहून वाढतात. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंगनें १९४५ सालच्या नोबेल व्याख्यानांतच अपुऱ्या मात्रेबद्दल इशारा देऊन ठेविला होता. २०१९ या एका वर्षांत औषधांस न जुमानणाऱ्या जंतूंमुळें जगांत सुमारें बारा लाख सत्तर हजार माणसें दगावलीं, असा अंदाज पुढें प्रसिद्ध झाला.

गृहिणींस उपदेश करण्यासाठीं मात्र हा लेख लिहिला नाहीं. आमच्या मनांत घोळत आहे तो प्रश्न व्यापाराचा आहे. जो माल जितका अधिक वापरावा तितका निकामी होतो, तो विकून एखाद्या कंपनीनें वाढावें तरी कसें?

जंतुनाशक वस्तूंच्या सर्वच धंद्यांस ही अडचण नाहीं. तांब्याच्या मिश्रधातूंच्या पृष्ठभागावर जंतु मरतात, हें अमेरिकेच्या पर्यावरणखात्यानें २००८ सालीं रीतसर नोंदवून घेतलें. आमच्या आजीबाई तांब्याच्या घंगाळास चिंच लावून घांशीत असतां त्यांस या नोंदणीची गरज भासली नव्हती, हें खरें. पण रुग्णालयांस तांब्याच्या मुठी व कठडे विकणाऱ्यास ती लागते. तेथें खप वाढला कीं नफा वाढला, असा सरळ हिशेब आहे. उलट, हातपाय धुण्याच्या जंतुनाशक साबणांतील ट्रायक्लोसानसह एकोणीस द्रव्यांस त्याच देशानें २०१६ सालीं मनाई केली. कारण साध्या साबणाहून त्यांचा गुण अधिक आहे हें कारखानदारांस सिद्ध करितां आलें नाहीं.

पोटांत घ्यावयाच्या प्रतिजैविकांचा मामला याहून बिकट आहे, व तो पाहावयाचा तर छत्रपती संभाजीनगरास, म्हणजे २०२३ पर्यंतच्या औरंगाबादेस, जावें. मलिक अंबरानें नहर आणून वसविलेलें हें शहर. त्याच्या पूर्वेस, जालन्याच्या रस्त्यावर, चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत आहे. तेथें वोक्हार्ट कंपनीचें संशोधनकेंद्र आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून ही कंपनी नवीं प्रतिजैविकें शोधीत आली आहे. याच काळांत मोठमोठ्या परदेशी कंपन्या या क्षेत्रांतून पाय काढून घेत होत्या. नोव्हार्टिसनें २०१८ सालीं तें काम बंद केलें.

वोक्हार्टची वाटचाल सुखाची नव्हती. २०१२ सालीं कंपनीनें आपला पोषक आहाराचा धंदा फ्रान्सच्या दानोन कंपनीस विकला. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं ज्यांचे डबे आलेले असतील तीं फॅरेक्स व प्रोटिनेक्स त्यांतच गेलीं. कर्ज फेडणें हा त्यांत हेतु होताच. पुढल्याच वर्षीं वाळूज व चिकलठाणा येथील कारखान्यांच्या मालास अमेरिकेच्या औषधखात्यानें बंदी घातली. २०२० मध्यें देशांतील बासष्ट औषधांचा धंदा डॉ. रेड्डीज कडे गेला. एवढें सोडून देऊनहि संशोधनाचें काम हातचें जाऊं दिलें नाहीं, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते. २०२० च्या जानेवारींत एमरॉक या औषधास परवानगी मिळाली. मधुमेह्यांच्या पायाच्या जखमांसाठींहि तें योजिलें आहे, व आपल्या देशांत या दुखण्याचा त्रास किती घरांत आहे हें सांगावयास नको. २०२४ च्या नोव्हेंबरांत न्युमोनियावरील नॅफिथ्रोमायसिन पुढें आलें: दिवसांतून एकदां, असे तीनच दिवस. त्यामागें सुमारें चौदा वर्षें व पांचशें कोटि रुपये खर्चीं पडले, व त्यांत केंद्र सरकारच्या बायरॅक या संस्थेचे आठ कोटि होते, असें जाहीर झालें.

पांचशें कोटि, आणि उपचार तीन दिवसांचा! रक्तदाबाची गोळी रोगी जन्मभर घेतो. ही तीन दिवसांत संपते, आणि शहाणा डॉक्टर नवें औषध शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवितो. अमेरिकेंतील एकाओजेन कंपनीच्या औषधास २०१८ च्या जूनमध्यें परवानगी मिळाली, आणि २०१९ च्या एप्रिलांत तिचें दिवाळें निघालें. औषध गुणकारी होतें, खपत नव्हतें.

१९५४ सालीं जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साह्यानें पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना निघाला, तेव्हां हा पेंच नव्हता. पेनिसिलिनची टंचाई होती. अधिक करावें व अधिक वांटावें, एवढेंच काम होतें.

इंग्लंडनें २०२२ पासून निराळी युक्ति योजिली आहे. दोन नव्या प्रतिजैविकांसाठीं सरकार कंपन्यांस ठराविक वार्षिक रक्कम देतें. प्रत्येकीस जास्तींत जास्त एक कोटि पौंड, मग औषध हजार रोग्यांस लागो कीं दहांस. गांवानें अग्निशामक बंब पोसावा तशांतलाच हा प्रकार. बंबवाल्यास आगीगणिक पैसे दिले तर त्यानें आगीची वाट पाहावी, असेंच होईल. आपल्या सरकारनेंहि हीच रीत उचलावी असें आमचें मत आहे. बी पेरतांना आठ कोटींची मदत देऊन पीक बाजाराच्या हवालीं करणें, हा अर्धाच कारभार झाला.

तोंवर निर्बंधांवर भिस्त आहे. २०१४ च्या मार्चपासून कित्येक प्रतिजैविकें विकतांना दुकानदारानें रोग्याचें व डॉक्टरचें नांव निराळ्या वहींत टिपून ती तीन वर्षें जपावी असा नियम आहे. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय न घेण्याच्या औषधांच्या पट्टीवर तांबडी रेघ असते, व २०१६ सालीं सरकारनें तिचा प्रचारहि केला. काकूंच्या फडताळांतील पट्टीवर ती आहे. पण चाळशी लावल्यावांचून त्यांस ती दिसत नाहीं, आणि चाळशी बहुधा देवघरांत राहिलेली असते.